न तपासता लिहिलेलं शून्य

दवाखान्यात माणसं डॉक्टरांना देव मानतात, नर्सबाईंना सिस्टर म्हणतात आणि पाणीवाल्याला शिव्या देतात. मी त्या शिव्या सव्वीस वर्षं खाल्ल्या. नळाला पाणी असेपर्यंत पाणीवाला कुणाच्या खिजगणतीतही नसतो. नळ कोरडा पडला की मात्र त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

आमचा दवाखाना हैद्राबादेतल्या कोठी भागाजवळचा, एका धर्मादाय संस्थेचा. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून कामावर आहेत आणि जी चूक मी सांगणार आहे ती त्यांची नव्हती, माझी होती. माझं आडनाव सोनकांबळे. तेलुगू जिभेला ते पेलवेना, म्हणून वॉचमनपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे मला 'पानी सार' म्हणत. पगारपत्रकावर 'प्लँट ऑपरेटर' होतं, पण ते वाचणारा फक्त मीच.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. आमचे एक सर्जन ऑपरेशनच्या आधी दहा मिनिटं हात धूत आणि मग मला फोन करून सांगत, "पानी सार, आज पाणी बुळबुळीत लागतंय, साबण जात नाही." मी म्हणायचो, "सर, तेच चांगलं पाणी. साबण निघत नसेल तर साबण कमी घ्या." बाळंतिणींच्या वॉर्डात एक आजी होत्या. सुनेला दवाखान्यात आणताना त्या घरातल्या गोधड्याही घेऊन आल्या. घरी चार दिवस नळ आला नव्हता. सून वर कळा देतेय आणि आजी खाली मोरीत गोधड्या धोपटतायत. टाकी रिकामी का झाली ते शोधत मी तिथं पोचलो तेव्हा त्यांनी मला एक टोक धरून पिळायला लावलं. मी पिळलं. काय करणार?

आता हा धंदा काय असतो ते थोडक्यात सांगतो. दवाखान्याला पाणी तीन वाटांनी यायचं. शहराचा नळ एक दिवसाआड, तोही तास-दीड तास. आवारातली बोअर, जिचं पाणी दरसाल खाली जात होतं. आणि उन्हाळ्यात टँकर. हे सगळं जमिनीखालच्या टाकीत एकत्र व्हायचं आणि तिथून माझं काम सुरू. प्यायला वेगळं, धुण्याला वेगळं, ऑपरेशन थिएटरला वेगळं. आणि सगळ्यांत सोवळं पाणी डायलिसिसचं.

डायलिसिस म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त यंत्रातून फिरवून धुणं. हे धुणं पाण्यानंच होतं. एका बैठकीला एका माणसामागं शंभर-सव्वाशे लिटर. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये असतो एक तलम पडदा. तुम्ही-आम्ही वाईट पाणी प्यालो तर पोट ते सोसतं, फार तर ओकून टाकतं. यंत्रावरच्या माणसाच्या बाबतीत मध्ये पोटच नसतं. पाण्यात जे असेल ते थेट रक्तात. त्यातही क्लोरीन फार वाईट. तो प्यायच्या पाण्यात हवाच, जंतू मारतो. पण रक्ताला लागला तर तांबड्या पेशी फोडतो. म्हणून डायलिसिसचं पाणी आधी कोळशाच्या मोठ्या टाकीतून सोडतात. कोळसा क्लोरीन शोषून घेतो. त्यानंतर आरओ. अट एवढीच की पाणी कोळशात सावकाश रेंगाळलं पाहिजे. धावत गेलं तर कोळसा बघतच राहतो.

कोळशानं काम केलं की नाही ते पाहायची पद्धत अगदी साधी. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी नितळ राहिलं तर क्लोरीन शून्य. पिवळं झालं तर यंत्रं बंद. रोज सकाळी सहा वाजता हे मी करायचो. मग डायलिसिसच्या ग्लोरी सिस्टर फोनवर विचारायच्या, "पानी सार, क्लोरीन?" मी म्हणायचो, "ज़ीरो." तेच मी रजिस्टरात लिहायचो आणि माझ्या त्या एका शब्दावर सिस्टर पहिल्या पाळीच्या सहा माणसांना सुया टोचायच्या.

यादगिरी त्या सहांतला एक. अंबरपेठचा ऑटोवाला, चाळिशीच्या आतबाहेरचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पहिली पाळी. ऑटो कधीच विकलेला. लग्न झालेलं नव्हतं. सांभाळणारी एक थोरली बहीण, सुगुणा. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. अक्का त्याला आपलं एक मूत्रपिंड देणार होती. तपासण्या झाल्या होत्या, जुळत होतं, फक्त शेवटची एक तपासणी आणि ऑपरेशनची तारीख राहिली होती. तोवर त्याला कुणाचंही रक्त चढू नये म्हणून डॉक्टर जपत होते. परक्या रक्तानं शरीर बिथरतं आणि मग दुसऱ्याचा अवयव घेईनासं होतं, असं ग्लोरी सिस्टरनी मला समजावलं होतं. यादगिरीलाही ते पक्कं ठाऊक होतं. अंगात रक्त कमी असलं तरी तो हट्टानं औषधांवर काढायचा. "अक्का का किडनी आने तक किसी का खून नक्को," म्हणायचा.

डायलिसिसच्या माणसाची आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. त्याला पाणी पिता येत नाही. दिवसाला अर्धा लिटर, त्यातच चहा आणि सांबार आलं. हैद्राबादच्या मे महिन्यात अर्धा लिटर! यादगिरी दवाखान्यात आला की माझ्या प्लँटच्या दारात येऊन उभा राहायचा. टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकायला.

दर उन्हाळ्यात मी दवाखान्याच्या फाटकाशी पाणपोई लावायचो. इकडं तिला चलिवेंद्रम म्हणतात. ताडपत्रीचं छप्पर, चार रांजण, त्यांना ओलं फडकं. ही माझ्या आईची आठवण. आमचं गाव नांदेडकडचं. आई लहानपणी विहिरीच्या कडेला घागर घेऊन बसायची, कुणी तरी वरून पाणी ओतील म्हणून. कुणी ओतायचं, कुणी दुपारपर्यंत ताटकळत ठेवायचं. त्यामुळं माझ्या पाणपोईचा एकच नियम होता. पाणी वरून ओंजळीत ओतायचं नाही. पेला भरून हातात द्यायचा, सगळ्यांना सारखा पेला. आई गेल्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा होता आणि मला ती पाणपोई नेहमीपेक्षा जास्त नेटकी हवी होती.

त्या उन्हाळ्यात यादगिरी म्हणाला, "सार, चलिवेंद्रम पे मैं बैठतुं."

"अरे, तुला झेपेल का? आणि समोर पाणी बघून जीव कासावीस नाही होणार?" माझं मराठी त्याला कळायचं. त्याचं दखनी मला कळायचं. आमचं असंच चालायचं.

"मैं पी नै सकता, पिला तो सकता ना सार?"

बसू लागला. यंत्र नसायचं त्या दिवशी दहा वाजता यायचा आणि ऊन उतरेपर्यंत बसायचा. पेला दोन्ही हातांनी द्यायचा. समोरचा पीत असताना त्याच्या गळ्याकडं बघत राहायचा. मला ते बघवायचं नाही, पण तो खूश होता. ऑटो गेल्यापासून आपण कुणाच्या कामाला आलो नव्हतो, असं तो एकदा मला म्हणाला.

आठवड्याभरानं त्यानं तक्रार आणली. "सार, पानी में दवा की बास आरई. लोगां एक घूँट लेके थूक देरएं."

खरंच होतं. उन्हाळ्यात पोटाची दुखणी वाढतात म्हणून पाण्यात क्लोरीन जास्त घालतात आणि ते योग्यच आहे. पण तहानलेला माणूस थुंकतो म्हटल्यावर यादगिरीचं तोंड एवढंसं झालं होतं. आणि मला वाटलं, आईच्या नावाचं पाणी लोक थुंकून टाकतायत.

मग मी ते केलं. कोळशाच्या टाकीनंतरच्या पाइपाला एक नळ बसवला. वास नाही, चव गोड. कुणाला विचारलं नाही, कुठं लिहिलं नाही. पुण्याच्या कामाला कसली परवानगी, असा माझा तोरा. प्लंबरही मीच. यादगिरीनं पहिला पेला भरला, नाकाशी धरला, हसला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या एका हमालाला दिला. हमाल म्हणाला, "मीठा है." त्या दिवशी मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुढचा विचारच मी केला नाही.

गोड पाण्याची बातमी लपत नाही. आधी रांजण दिवसातून चार वेळा भरावे लागले. मग आजूबाजूच्या दुकानांतले लोक कॅन घेऊन येऊ लागले. यादगिरी कुणाला नाही म्हणायचा नाही, मीही नाही. नळ पुरा उघडून ठेवायचा. कोळशात पाण्यानं रेंगाळावं म्हणून मीच शिकाऊ लोकांना व्याख्यानं द्यायचो, आणि माझ्याच नळानं ते पाणी तिथून पळत होतं. सहा यंत्रांसाठी बेतलेला कोळसा आता अर्ध्या गल्लीची तहान भागवत होता. त्याचं आयुष्य आधीच संपत आलं असणार. हे मला कळायला हवं होतं. मला नाही तर कुणाला?

तो शुक्रवार होता. पहाटेच तीन टँकर एकापाठोपाठ आले आणि फाटकात अडकले. मधल्या टँकरचा ड्रायव्हर मागं घेईना, पहिल्याला पुढं जाता येईना. दोघं एकमेकांच्या आईबापावर आले होते. ते सोडवता सोडवता मी घामाघूम झालो. खिशातला फोन वाजला. "पानी सार, क्लोरीन?"

कोळसा भरल्यापासून अकरा महिन्यांत एकदाही नळी पिवळी झाली नव्हती. मी म्हणालो, "ज़ीरो."

मग प्लँटमध्ये येऊन रजिस्टरात शून्य लिहिलं. नळी स्टँडवर कोरडीच होती. टँकर आटोपले की करू म्हटलं. नंतर विसरलो.

साडेसातच्या सुमाराला ग्लोरी सिस्टरचा पुन्हा फोन आला. आवाज बदललेला. "सार, यहाँ कुछ गड़बड़ है. तीन पेशंट को कमर में दर्द, साँस फूल रहा. लाइन में खून का कलर अलग दिख रहा. मैंने सब मशीन बंद किया." मी धावलो. आधी नळी भरली, थेंब टाकले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. मी उभ्या उभ्या ते बघत राहिलो. जिना चढून वर गेलो तेव्हा यादगिरी पांढरा पडून दात आवळून पडला होता. त्याला सगळ्यांत आधी जोडलं होतं, म्हणून त्याच्यात सगळ्यांत जास्त गेलं.

बाकीचे दोघं दोन दिवसांत सावरले. यादगिरीचं रक्त इतकं उतरलं की चढवण्यावाचून इलाज नव्हता. डॉक्टरांनी अक्काला बाहेर बोलावून समजावलं. ती एवढंच म्हणाली की आधी जीव वाचवा. दोन बाटल्या चढल्या. जीव वाचला. दीड महिन्यानं शेवटची तपासणी झाली आणि अक्काचं मूत्रपिंड आता त्याला चालणार नाही असा निकाल आला. त्याच्या रक्तात ज्याची भीती होती ते तयार झालं होतं. अक्का तो कागद हातात घेऊन पॅसेजमधल्या बाकावर किती तरी वेळ बसली होती. मी दोनदा तिच्यासमोरून गेलो. थांबलो नाही.

चौकशी झाली. ती सुरू व्हायच्या आधीच मी तो नळ काढून तिथं बूच मारलं होतं. समितीनं रजिस्टर पाहिलं. सकाळी सहाला शून्य. म्हणजे तेव्हा पाणी ठीक होतं, नंतरच्या टँकरच्या पाण्यात क्लोरीन फार जास्त आला आणि कोळसा पुरा पडला नाही, असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष अर्धा खरा होता. कोळसा बदलला, दुसरी टाकी जोडली. मला कुणी बोट लावलं नाही. माझ्याच खोट्या शून्यानं मला वाचवलं. मी घरी, नल्लकुंट्याला जायचो, जेवायचो, झोपायचो. बायको विचारायची, "काय झालंय तुम्हाला?" मी म्हणायचो, उन्हाळा.

चार महिने मी गप्प राहिलो. आणि गप्पच राहिलो असतो, हेही लिहून टाकतो. पण एकदा डायलिसिसच्या खोलीबाहेर एका नव्या पेशंटचा मुलगा आरडाओरडा करत होता की इथलं पाणी माणसं मारतं. यादगिरी खुर्चीतून उठला. काठीसारखे हात झाले होते त्याचे. त्या मुलाला म्हणाला, "पानी सार का कसूर नै है भाई. बुक में लिखा है, सुबू ज़ीरो था. मैं उनकू जानतुं. झूठ लिखने वाले नै."

मी तिथंच होतो. तसाच मागं वळून जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी त्याला प्लँटमध्ये बोलावलं आणि सगळं सांगितलं. नळाचं सांगितलं. कोरड्या नळीचं सांगितलं. तो बूच मारलेल्या पाइपाकडं बघत होता. म्हणाला, "नल तो मैंइच माँगा था. उसका मैं कुछ नै बोलता." मग माझ्याकडं वळला. "मगर ज़ीरो? देखे बगैर लिखे, सार?"

"हो."

"कैकू?"

 टँकर अडकले होते, हे त्या माणसाला कसं सांगायचं?

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "आज से टूब मेरे कू दिखाना. तुम्हारी बात पे मैं सुई नै लगवाता."

मी सुपरिंटेंडंटांकडंही गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की फाइल बंद झाली आहे, तुम्ही कामाचे माणूस आहात, पुन्हा होऊ देऊ नका. एक ताकीदपत्र मिळालं. शिक्षा म्हणून ते फारच स्वस्त होतं. मोठी शिक्षा मिळाली असती तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं, आणि मिळाली नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

पुढं सव्वातीन वर्षं, सोमवार, बुधवार, शुक्रवार, मी सकाळी नळी घेऊन जिना चढत होतो. यादगिरी पलंगावर बसलेला असायचा. मी त्याच्यासमोर पाणी भरायचो, थेंब टाकायचो. तो नळी हातात घ्यायचा, खिडकीच्या उजेडाकडं धरायचा, बघायचा आणि परत द्यायचा. मग ग्लोरी सिस्टरपुढं हात करायचा. बोलायचा नाही. पूर्वी माझ्या दारात पाण्याचा आवाज ऐकायला यायचा, तेही बंद झालं. हळूहळू बाकीचे पेशंटही "हमकू बी दिखाव" म्हणू लागले, आणि माझ्यानंतर आलेला माणूस आजही पहिल्या पाळीला नळी दाखवतो असं ऐकतो. लोक म्हणतात, छान पद्धत पाडलीत. ती मी पाडली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी रांजण पुन्हा मांडले. वासाचं का होईना, साधंच पाणी भरलं. आदल्या वर्षीची खुर्ची छपराखाली ठेवली. तो आला नाही. त्याच्यापुढच्या उन्हाळ्यातही आला नाही. फाटकातून जाताना रांजणांकडं मान वळवायचा, एवढंच.

शेवटचा दिवस बुधवार होता. थंडीचे दिवस. अक्का त्याला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली होती. पलंगावर निजवलं तेव्हाच तो डोळे मिटून होता. मी नेहमीसारखं पाणी भरलं, थेंब टाकले, थांबलो. पाणी नितळ राहिलं. मी नळी त्याच्या हाताजवळ नेली. त्यानं हात उचलला नाही. डोळेही उघडले नाहीत.

"रहने देव, सार," म्हणाला आणि दंड सिस्टरपुढं सरकवला.

शुक्रवारी पलंग रिकामा होता.

निवृत्तीनंतर हे मी दोघा-चौघांना सांगितलं. बायकोला तर कितीदा. सगळे एकच म्हणतात, "अहो, त्यानं तुम्हाला माफ केलं. शेवटी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवलाच की." असेल. मलाही तसं वाटून घ्यायला फार आवडेल. पण त्या दिवशी त्याच्यात नळी धरायची ताकद नव्हती, हेही तितकंच खरं असू शकतं. मी विचारलं नाही, आणि आता विचारता येत नाही. न पाहिलेलं एकदा लिहून बसलो आहे. हा रकाना कोराच ठेवतो.